काटकसर करूनही २० तारखेला पैसे का संपतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याचं घर, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दोघांचे मिळून ५२,००० रुपये हातात येतात. क्रेडिट कार्डावर १,१०,००० थकलेत, त्यावरची किमान रक्कम ५,५०० दर महिन्याला भरली जाते. पर्सनल लोनचा हप्ता ८,६५०, अजून ३२ महिने. फ्रिजचा हप्ता २,४००, अजून ५ महिने. पतसंस्थेत दागिने ठेवून १२ टक्क्यांनी ८०,००० उचललेले. भावाकडून ४०,००० हातउसने. दुसऱ्या बाजूला ४५,००० ची मुदत ठेव आणि महिना २,००० ची आरडी, तिच्यात १४,००० जमलेत. बाहेरचं खाणं बंद, कपडे बंद, तरी २० तारखेनंतरचा किराणा कार्डावरच जातो. आणि शेवटी विचारलंय, अजून काटकसर कुठे करू?

ताई, तुम्ही काटकसरीत कमी पडत नाही आहात. वाचवलेले पैसे कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. तुमचेच आकडे ओळीने मांडते: भाडं ११,०००, पर्सनल लोन ८,६५०, फ्रिज २,४००, कार्ड ५,५००, किराणा-किरकोळ ९,०००, दूध २,४००, भाजी-फळं ३,०००, वीज १,७००, गॅस ९००, रिचार्ज आणि इंटरनेट १,३००, पेट्रोल ३,०००, मुलांची व्हॅन आणि क्लास ३,५००, आरडी २,०००. बेरीज ५४,३५०. म्हणजे महिना सुरू व्हायच्या आधीच कागदावर २,३५० ची तूट आहे. ही तूट २० तारखेला दिसते इतकंच, ती पडते एक तारखेलाच.

शिवाय या यादीत वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च नाहीतच. घरांचे हिशेब बसवताना मी पहिल्यांदा तेच विचारते, कारण बहुतेक घरांत कार्डाची थकबाकी रोजच्या खर्चातून वाढत नाही, ती जूनमध्ये आणि दिवाळीच्या आधी वाढते. तुमचे नेमके आकडे मला माहीत नाहीत, म्हणून अशा घराचा साधारण अंदाज धरते: दोन मुलांची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश १८,०००; गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००; गणपती-दिवाळी १०,०००; गावी जाणं-येणं आणि लग्नाकार्याचे आहेर ६,०००; सोनेतारणाचं वर्षाचं व्याज ९,६००. झाले ४८,१००, म्हणजे महिन्याला ४,०००. खरी तूट २,३५० ची नसून ६,३५० ची आहे. कार्डाची मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि मोठ्या रकमांभोवती पेनाने गोल करा. गोल कोणत्या महिन्यांत दाटीने पडतात ते बघा, मग १,१०,००० कुठून आले ते कळेल.

आता कार्डाचा हिशेब. तुमच्या कार्डाचा व्याजदर स्टेटमेंटच्या मागच्या पानावर असतो, तो तपासा. मी महिना ३.५ टक्के धरते, म्हणजे वर्षाला ४२. तुम्ही ५,५०० भरले की १,०४,५०० उरतात. त्यावर एका महिन्याचं व्याज ३,६५७ आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६५८. म्हणजे ४,३०० च्या वर. तुम्ही भरलेल्या ५,५०० मधून थकबाकी खऱ्या अर्थाने कमी झाली जेमतेम १,२०० ने. यापुढे एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही आणि दर महिन्याला फक्त ५ टक्के भरत राहिलात, तरी ही रक्कम निम्मी व्हायला पाच वर्षांच्या वर लागतील. आणि तुम्ही २० तारखेनंतर दोन-तीन हजारांचा किराणा त्याच कार्डावर घेता, म्हणजे ती वाढतेच आहे. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आज घेतलेल्या तेलाच्या पिशवीवर आजपासून व्याज चालू होतं.

म्हणून सगळ्यात आधी ठेवींना हात लावा. हे ऐकायला जड वाटतं, ठेव मोडणं आपल्याकडे अपशकुनासारखं मानतात. पण ४५,००० ची ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला ३,१५० देते आणि तेवढेच ४५,००० कार्डावर राहिले तर वर्षाला जीएसटीसकट २२,३०० घेतात. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापते, म्हणजे तीन-चारशे रुपयांची गोष्ट. त्या ठेवीतले ३०,००० आणि आरडीतले १४,००० मिळून ४४,००० कार्डावर भरा. आरडी बंद करा. उरलेले १५,००० मात्र बचत खात्यात राहू द्या. ते शून्यावर आणले तर मुलाला ताप आला की डॉक्टर, रक्ततपासणी, औषधं मिळून पुन्हा कार्ड बाहेर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. हे १५,००० दवाखाना आणि नोकरीतला खंड यांच्यासाठीच. दिवाळीसाठी नाहीत.

कार्डावर आता ६६,००० राहिले. ते तसेच ठेवायचे नाहीत. बँकेला फोन करून पूर्ण थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. १८ महिने आणि १६ टक्के दर मिळाला तर हप्ता ४,१४९ येतो. त्यातल्या व्याजावर जीएसटी लागतो, म्हणून पहिल्या महिन्यात साधारण ४,३०० भरावे लागतील, पुढे थोडे थोडे कमी. आज तुम्ही ५,५०० भरून जिथल्या तिथे आहात. ४,३०० भरून दीड वर्षात मोकळ्या व्हाल. बँकेशी बोलताना चार गोष्टी विचारा आणि ईमेलवर लेखी घ्या. दर घटत्या शिल्लकीवरचा आहे की फ्लॅट? प्रक्रिया शुल्क किती? संपूर्ण थकबाकी बदलली जाईल की काही व्यवहार बाहेर राहतील? मुदतीआधी फेडलं तर दंड किती? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एटीएममधून काढलेली रोकड, काही वेळा पेट्रोल आणि सोन्याची खरेदी हप्त्यांत बदलत नाहीत. तेवढी बाकी जुन्याच दराने धावत राहते आणि लोकांना वाटतं सगळं मिटलं. अशी बाकी राहत असेल तर ४४,००० भरताना ती आधी संपेल असं बघा.

फ्लॅट दराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण फोनवरची व्यक्ती 'मॅडम, फक्त ९ टक्के' असं म्हणते आणि ते ऐकून घाई होते. ६६,००० वर ९ टक्के फ्लॅट, दीड वर्षाचं व्याज ८,९१०. एकूण ७४,९१० भागिले १८, हप्ता ४,१६२. आणि घटत्या शिल्लकीवर १६ टक्क्यांचा हप्ता ४,१४९. बघा, ९ आणि १६ हे जवळपास एकच निघाले. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज मोजलं जातं, म्हणून आकडा लहान दिसतो. दर विचारत बसण्यापेक्षा 'महिन्याला किती आणि एकूण किती भरायचे' हे विचारा, तुलना सोपी होते.

बँकेने हप्ते करून दिले नाहीत तर? मग तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून आहे. जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर तिच्यावरचं कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. सोन्याचे भाव वाढल्यामुळे पतसंस्था त्याच दागिन्यांवर वाढीव रक्कम देईल, १२ टक्क्यांनी. हिशेबाने ते फायद्याचं आहे, तरी मी ते शेवटी ठेवते. कार्डाची थकबाकी राहिली तर फोन येतात, सोन्याचं कर्ज राहिलं तर दागिने लिलावात जातात. तो मार्ग घ्यायचाच असेल तर पैसे हातात आले त्याच दिवशी कार्डावर भरा, चार दिवस खात्यात ठेवू नका.

हप्ते बांधून झाले की कार्ड घरातून बाहेर काढा. कपाटात ठेवून भागत नाही, कारण कार्ड आता फोनमध्ये असतं. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला नंबर पुसा, रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तोडा, ओटीटी आणि रिचार्जचे आपोआप कापले जाणारे पैसे बंद करा. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन वापर बंद करायची सोय असते, ती वापरा. पूर्ण फिटल्यावर पुढच्या बिलात थोडं व्याज पुन्हा दिसेल. ते स्टेटमेंटची तारीख आणि पैसे भरल्याची तारीख यांच्यामधलं असतं, तेही भरा, मगच कार्ड बंद करायची विनंती द्या. सगळी बाकी चुकती असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या.

बाकीच्या कर्जांचा क्रम. फ्रिज पाच महिन्यांत आपोआप संपतो, त्याला हात लावू नका. पर्सनल लोनचा दर तुम्ही लिहिलेला नाही, पण तो सहसा कार्डापेक्षा बराच कमी असतो. ते मुदतीआधी फेडायला दंड आणि त्यावर जीएसटी लागण्याची शक्यता आहे, म्हणून ते ठरल्या वेळापत्रकाने चालू द्या. त्यावर 'टॉप-अप देतो, हप्ता कमी करतो' असा फोन आला तर नको म्हणा, हप्ता कमी होतो तो मुदत वाढवून. सोनेतारणाचं व्याज मात्र दर महिन्याला ८०० प्रमाणे भरायला सुरुवात करा. वर्षअखेर व्याज भरायला पैसे नसले की नूतनीकरणात ते मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी ८९,६०० वर व्याज चालू होतं. पतसंस्थेत हेही विचारा की दागिने एकाच कर्जखात्यावर आहेत का. नूतनीकरणाच्या वेळी ते दोन-तीन खात्यांत विभागून मागा, म्हणजे २०-२५ हजार जमले की एक दागिना सोडवता येतो. सगळे एकत्र असतील तर बहुतेक ठिकाणी शेवटचा रुपया भरेपर्यंत काहीच हातात येत नाही.

भावाचे पैसे बिनव्याजी आहेत म्हणून हिशेबाने ते सगळ्यात शेवटी. पण तसं करू नका. त्याच्याशी आजच बोला, 'सहाव्या महिन्यापासून दर महिन्याच्या ५ तारखेला हजार रुपये' असं सांगा आणि ती तारीख पाळा. रक्कम लहान चालते. मौन लांबलं की नातं दुखावतं, आणि उद्या खरी अडचण आली तर तुमच्या मागे उभा राहणारा तोच आहे.

पगाराच्या दिवशी पैसे कोणत्या वाटेने जातात यावर बाकी सगळं उभं आहे. दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्यातून फक्त भाडं, हप्ते आणि वर्षाच्या खर्चाचे पैसे जातील. घरखर्च दुसऱ्या खात्यातून, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. हप्त्याची तारीख पगाराच्या आधी असेल तर बँकेत अर्ज करून ती पुढे घ्या. हप्ता परत गेला की कर्ज देणारा आणि तुमची बँक, दोघेही दंड लावतात, प्रत्येकी साधारण पाचशे आणि वर जीएसटी. एका चुकीत तेलाचे सहा-सात लिटर गेले. हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात रक्कम असलीच पाहिजे.

घरखर्चाचे पैसे महिन्याला चार भागांत तोडा: १, ९, १७ आणि २५ तारीख. आठवड्याने मोजू नका, पाच शनिवार आले की हिशेब चुकतो. किराणा महिन्याच्या सुरुवातीला यादीने एकदाच, बाकी भाजी, फळं, पेट्रोल, किरकोळ यांचे पैसे या चार तारखांच्या चार पाकिटांत, रोख. रोख मी मुद्दाम सांगते. यूपीआयवर ४०-६० रुपयांचे व्यवहार दिवसातून चार वेळा होतात आणि एकाचीही आठवण राहत नाही. पाकीट हातात पातळ लागतं. १४ तारखेला पाकीट संपलं तर १७ पर्यंत घरात आहे त्यात भागवायचं, पुढचं पाकीट फोडायचं नाही. पहिल्या महिन्यात हे जमणार नाही, आकडे चुकलेले असतील. तिसऱ्या महिन्यात बसतं.

आता काटकसरीकडे येते. कार्डावर व्याज धावत असेपर्यंत प्रत्येक बचतीला एकच प्रश्न विचारा: यात अडकलेले पैसे कार्डाच्या ४२ टक्क्यांपेक्षा जास्त मिळवून देतात का? या मापाने आपल्या कितीतरी सवयी उलट्या निघतात.

वर्षाचा गहू घ्या. एप्रिल-मेमध्ये गहू भरून ठेवणं ही जुनी, शहाणी सवय. तुमच्या घराला महिन्याला २० किलो धरले तर वर्षाचे २४० किलो. हंगामात ३५ रुपयांनी घेतले तर ८,४००. एरवी महिन्याला घेताना ४० पडले असते, म्हणजे वर्षात १,२०० वाचले. पण कोठीतला गहू हळूहळू संपतो, म्हणून वर्षभरात सरासरी निम्मे, ४,२०० रुपये अडकून राहतात. ते कार्डावरचे असतील तर त्यांचं वर्षाचं व्याज जीएसटीसकट २,०८०. बाराशे वाचवायला दोन हजारांच्या वर गेले, शिवाय किडीचा धोका वेगळा. कार्ड मिटल्यावर, साठवलेल्या पैशांतून घेतलात तर हाच गहू फायद्याचा आहे. यंदा मात्र महिन्याचा गहू आणा आणि गिरणीतून दळून घ्या, ते पाकिटातल्या पिठापेक्षा स्वस्तच पडतं. '५ किलो घ्या, १ फुकट' वालं डिटर्जंट आणि तेलाचा १५ किलोचा डबा घेण्याआधीही हाच हिशेब करून बघा.

आता उलट उदाहरण. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटचा. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला २० युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात पहिले १०० युनिट स्वस्त असतात, १०१ व्या युनिटापासून दर जवळजवळ दुप्पट होतो. तुमचं १,७०० चं बिल म्हणजे तुम्ही १०० च्या बऱ्याच वर आहात, म्हणून वाचणारं प्रत्येक युनिट महागातलं आहे, सगळे आकार धरून बारा रुपयांच्या आसपास. महिन्याला २४०, पंख्याचे नऊ महिने धरले तर वर्षाला २,१०० च्या वर. पंखा अडीच-तीन हजारांचा. ४२ टक्क्यांपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. तेव्हा हॉलमधला किंवा रात्रभर चालणारा एकच पंखा बदला, रोखीने, हप्त्यावर नाही. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही मिळत नाही. गिझरचंही असंच आहे. १५ लिटरची एक बादली अंघोळीइतकी तापवायला साधारण ०.३ युनिट लागतं. चार बादल्या म्हणजे रोज सव्वा युनिटाच्या जवळपास. चौघांनी पाठोपाठ अंघोळी उरकल्या तर तेवढंच, पण बटण चालू राहिलं तर टाकीतलं पाणी दिवसभर निवतं आणि पुन्हा तापतं.

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त फरक तेलात पडतो. माणशी दिवसाला २०-२५ ग्रॅम तेल पुरेसं असतं. चौघांचे महिन्याला अडीच ते साडेतीन लिटर. बहुतेक घरांत पाच-साडेपाच जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तेल पिशवीतून थेट कढईत ओतलं जातं. एक तारखेला साडेतीन लिटर एका बरणीत काढा, बरणीवर चार रेघा मारा आणि पळीऐवजी चमचा ठेवा. पहिल्या रेघेला किती तारखेला पोहोचलात ते बघितलं की बाकी आपोआप कळतं. पिशवी घेताना वजन वाचा: एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. दिसायला तेवढ्याच पिशवीत ७५० किंवा ८०० ग्रॅम असतं आणि किंमत दहा-पंधरा रुपयांनीच कमी असते, तिथे फसगत होते.

गॅसचं थोडक्यात. डाळ अर्धा तास, हरभरा-छोले रात्रभर भिजवा. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, कारण आतलं तापमान दाबाने ठरतं. मोठ्या आचेवर डाळ लवकर शिजत नाही, वाफ तेवढी बाहेर जाते. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची छिद्रं साफ करायला झालीत. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. नेहमीपेक्षा आठवडाभर आधी संपला तर नळी आणि रेग्युलेटर तपासा.

रिचार्जमध्ये दोघांनाही रोजचा भरपूर डेटा आणि वर घरी इंटरनेट असं दोनदा घेतलेलं असतं. एक काढा. पेट्रोलसाठी पंधरा दिवसांतून एकदा, गाडी गार असताना टायरमधली हवा भरा.

कुठे कापू नका तेही सांगते. मुलांचं दूध, डाळ, अंडी, भाजी यांना हात लावू नका. आरोग्य विमा असेल तर तो चालू राहिला पाहिजे. आणि नवऱ्याचा रोजचा चहा बंद करून घरात भांडण ओढवून घेऊ नका; दोघांनाही महिन्याला ठरावीक, हिशेब न विचारता खर्च करायचे दोन-तीनशे रुपये किरकोळमध्येच धरा, तरच बाकीची शिस्त टिकते.

या सगळ्याचा ताळमेळ असा बसतो. आज २,३५० ची तूट. आरडी बंद, २,००० वाचले. कार्डाचा भरणा ५,५०० वरून ४,३०० वर, १,२०० वाचले. म्हणजे ८५० शिल्लक. किराण्यात १,२००, रिचार्जमध्ये ४००, पेट्रोलमध्ये ४००, विजेत ३०० धरले तर शिल्लक ३,१५० होते. ते वर्षाच्या खर्चाच्या वेगळ्या खात्यात टाका, सोन्याचं ८०० व्याज त्यातूनच. तिथे ४,००० हवेत, म्हणजे पहिले पाच महिने ८५० कमी पडतील. मधे सण येत असेल तर तो यंदा तेवढा लहान करावा लागेल, यात मला दुसरा उपाय दिसत नाही. सहाव्या महिन्यात फ्रिजचे २,४०० सुटतात: ८५० वर्षाच्या खात्याला, १,००० भावाला, ५५० सोन्याच्या मुद्दलाला. अठरा महिन्यांनी कार्ड संपलं की ते ४,१५० ही सोन्यावर, म्हणजे महिन्याला ४,७००. बत्तिसाव्या महिन्यात पर्सनल लोन संपतं, तोवर सोन्याचे सातेक हजार आणि भावाचे १३,००० उरलेले असतात आणि सुटलेल्या ८,६५० मधून ते दोन-तीन महिन्यांत फिटतात. तीन वर्षांच्या आत सगळं. दिवाळीचा बोनस यात धरलेला नाही. मिळाला तर निम्मा वर्षाच्या खात्यात, निम्मा सोन्यावर.

हा हिशेब दोन गोष्टींनी मोडतो. एक म्हणजे भाडंवाढ. करार संपत असेल तर आत्ताच बघा, कारण ५५० ची वाढ झाली तरी सोन्याचे पैसे संपतात. दुसरी म्हणजे मधेच घेतलेलं छोटं कर्ज: ॲपवरचं दहा हजारांचं, किंवा ओळखीच्या माणसाकडचं शेकडा पाचचं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. महाराष्ट्रात परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे, त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. भिशीत असाल तर तुमचा नंबर कधी आहे ते बघा. लवकर असेल तर ती रक्कम सरळ सोन्यावर भरा, आणि उशिरा असेल तर ही फेरी पूर्ण करून पुढची घेऊ नका.

एखाद्या महिन्यात हप्ता जमणार नाही असं दिसलं तर तारीख उलटण्याआधी बँकेला लेखी कळवा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. केला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेत तक्रार द्या. 'अर्धे भरा, मिटवून टाकू' असा प्रस्ताव आला तर लगेच हो म्हणू नका. तसं मिटवलेलं खातं सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवं येतं. तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही, तुम्ही पूर्ण फेडू शकता.

येत्या शनिवारी दोघं मिळून तासभर बसा आणि तीनच कामं करा: बारा स्टेटमेंट, वर्षाच्या खर्चाची तुमची स्वतःची यादी, आणि बँकेला विचारायचे ते चार प्रश्न कागदावर. ठेव सोमवारी मोडा, पण बँकेचं हप्त्यांबद्दलचं उत्तर लेखी आल्यानंतरच ४४,००० भरा. काही बँका रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच हप्ते करून देतात, तसं असेल तर आधी किती भरायचे तो आकडा बदलावा लागेल. मात्र कार्डाची भरण्याची तारीख त्याआधी येत असेल तर उत्तराची वाट न बघता निदान किमान रक्कम भरून टाका.